सहलीचे पैसे आणि भवानीचं कणीस

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. मग पेन हातात आलं ते मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यापुरता. तेव्हा चुका असतील त्यांची माफी असावी, अक्षर लागलं नाही तर त्याचीही. वही मुलीचीच आहे, मागची पानं कोरी राहिलेली. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, आणि त्या वर्षीच्या सहलीचं अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव मळवलीच्या पुढे. पावसाळा आला की आम्ही बायका लोणावळ्याला धरणाच्या रस्त्यावर कणसं भाजायला बसतो. रस्त्याच्या वळणावर एक धबधबा आहे, त्याच्या समोर माझी जागा. समोर म्हणजे कशी, तर गिऱ्हाईक रस्त्यावरून येतं, म्हणून शेगडी रस्त्याकडे आणि पाठ धबधब्याकडे. इतकी वर्षं त्याचं पाणी माझ्या पाठीवर उडतं. आवाज दिवसभर कानात असतो. पण तोंड करून निवांत बसून मी तो कधी पाहिला नाही. वळून बघावं तर कणीस करपतं.

माझ्या शेजारी शेंगा उकडून विकणारी एक बाई बसते. ती आमच्या पलीकडच्या बौद्ध वस्तीतली. नवरा गेल्यापासून तीच घर चालवते. तिची छत्री मोडली की माझ्या छत्रीत, माझा कोळसा भिजला की तिचा कोळसा, असं आमचं चालतं. मी बोलत नाही आणि ती माझ्या वाट्याचंही बोलते, म्हणून जमतं.

सहलीची गोष्ट काढली माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. त्यांना मी अक्का म्हणते. त्यांची टपरी आमच्यापासून थोडी वर, चढावर. आमच्या चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षं झाली. वाटणी झाली तेव्हा अक्का ओट्यावर उभ्या राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, "आजपास्नं तुमी वेगळे, आमी वेगळे. आलात तर पाव्हणे म्हणून या." पण गावातल्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष, आणि बोलायला पटाईत. सगळ्या बायका त्यांचं ऐकतात.

वैशाखात गटाची बैठक होती. अक्का म्हणाल्या, "सगळी दुनिया आपल्याकडं पाणी बघाया येती. आपण कुटं जातो? उन्हात शेतात, पावसात शेगडीपाशी." मग त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवले. सांगलीच्या बाजूला एक राष्ट्रीय उद्यान आहे, म्हणाल्या. मोठं जंगल, मध्ये आरशासारखे तलाव, आणि डोंगरावरून खाली पडणारे धबधबे. कुठं टपरी नाही, गाण्याचा दणका नाही, फुटलेली बाटली नाही.

एक म्हातारी म्हणाली, "पान्यानं जल्म भिजला, आन् पैशे देऊन पुन्यांदा पानीच बघायचं?"

"आजी, तितं तुमाला कणीस भाजायचं न्हाई. दुसऱ्यानं भाजलेलं खायचं."

"मंग येते बाई. वाटंत आंबाबाई करणार का?"

"येताना करू."

सगळ्या हसल्या. माझ्या मनात मात्र फोटोतला एक धबधबा राहिला. त्याच्या समोर एक लाकडी बाकडं होतं. त्या बाकड्यावर पाण्याकडे तोंड करून बसायचं, एवढंच मला हवं होतं.

जायचं कधी, तर पावसाळ्यात. धबधबे पावसातच असतात, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. दिवाळीनंतर आमच्याकडचे डोंगर नुसते काळे दगड होतात. पण पावसाळा म्हणजे आमच्या कमाईचे दिवस. त्यावर अक्कांनीच तोड काढली. दर वर्षी कुणी ना कुणी पाण्यात वाहून जातं आणि मग जिल्ह्याच्या साहेबांचा हुकूम निघतो, की अमुक दिवस धरण बंद, धबधबे बंद, टपऱ्या बंद. तेव्हा आम्ही घरीच असतो. ते दिवस सहलीचे. बंदी लागली की गाडी निघाली. सगळ्यांना हे पटलं. आमच्यातल्या एकीलाही सुचलं नाही, की तिकडच्या जंगलालाही पावसाळा असतो आणि त्यालाही कुणी बंद करत असेल.

माणशी दीड हजार ठरले. गाडी तळेगावजवळच्या उर्से गावच्या एका माणसाची, अक्कांच्या ओळखीची.

मी शेंगावालीला विचारलं, तू येतेस का. ती आमच्या गटात नव्हती. आधी ती हसली. म्हणाली, "तुमच्या गावाच्या गाडीत माझी जागा कुटली? स्टेपनीवर?" मी म्हटलं, माझ्या शेजारी. दोन दिवस गेले. मग ब्लाऊजमधून पैसे काढून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "तुज्या अक्काला मी देत न्हाई. मी तुला देते. उद्या काय झालं तर मी तिला विचारनार न्हाई, तुला विचारीन."

अक्कांना सांगितलं तर त्यांनी तोंड वाकडं केलं. "तिला कशाला घुसवतीस? बाकीच्या बायका काय म्हणतील?" मी पैसे पुढे धरून उभी राहिले. अक्कांनी ते घेतले. "घेते. पण तिचं तू बघायचं. माझ्याकडं तक्रार आणायची न्हाई."

अशा रीतीनं जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तरी शब्द दिला होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते एका बंगल्यावर वॉचमन आहेत, माणसं ओळखण्याचा त्यांना फार गर्व. म्हणाले, "पैशे कुणाकडं दिलं?"

"अक्कांकडं."

"वैनीकडं? मंग झाली तुमची सहल."

मला राग आला. पण तेव्हाच मनात काटा रुतला तो रुतलाच.

ज्येष्ठात अक्कांची टपरी बदलली. निळी नवी ताडपत्री आली, मॅगी करायला दोन चुलींचा गॅस आला आणि लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. मी खालून बघत होते. त्या दिवशी कणसं मोजून भाजता येईनात मला. दुपारी वर गेले आणि म्हटलं, "खुर्च्या छान आहेत."

"भावानं दिल्या."

कुठला भाऊ? ज्यानं मागच्या भाऊबीजेला ओवाळणीत नुसता नारळ घातला आणि अक्का आठ दिवस त्याला शिव्या देत होत्या, तो? पण मी मान हलवली आणि खाली आले. शेंगावाली म्हणाली, "काय गं, भूत बघितल्यावानी तोंड झालंय." मी म्हटलं, काही नाही. तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

त्यानंतर मी अक्कांवर नजर ठेवू लागले. फोन आला की त्या टपरीमागे जातात का, हे बघायचे. सहलीचं निघालं की त्या विषय कुठे नेतात, हे लक्षात ठेवायचे. बायका विचारत, गाडी पक्की ना? तर म्हणत, पक्की. पावती आहे का? "वळखीच्या मानसाकडं पावती मागतात व्हय? उद्या नवऱ्याकडं मागाल." सगळ्या हसत. हसण्यात प्रश्न वाहून जाई.

एकदा एक जोडपं कणसं घ्यायला थांबलं. पाठीला मोठ्या पिशव्या, पायांत जंगलात फिरायचे बूट. मी गिऱ्हाइकाशी मीठ-लिंबू याच्यापुढे कधी बोलत नाही. त्या दिवशी धीर केला आणि उद्यानाचं विचारलं. तो मुलगा म्हणाला, "सुंदर आहे मावशी. पण आता नाही जाता येणार. पावसाळ्यात बंद असतं. दिवाळीच्या सुमाराला उघडतं."

"आणि धबधबे?"

"आत मोठं धरणाचं पाणी असतं. काही धबधबे नंतरही टिकतात."

त्याचं कणीस माझ्या हातात करपलं. त्याला दुसरं दिलं. म्हणजे ज्या दिवसांत आम्ही जाणार होतो, त्या दिवसांत ते जंगल उघडंच नसतं. अक्कांना हे ठाऊक नसेल? दिवसभर मोबाईल त्यांच्या हातात असतो. आणि ठाऊक असेल तर सांगितलं का नाही?

आषाढात बंदी लागलीच. टपऱ्या उठवल्या. आम्ही घरी बसलो. बायका पिशव्या भरायचं विचारू लागल्या. अक्का म्हणाल्या, गाडीवाल्याला ताप आहे. दोन दिवसांनी म्हणाल्या, घाटात दरड आली आहे. मग म्हणाल्या, गाडीचं काम निघालं. माणसाला ताप, डोंगराला दरड आणि गाडीला काम, हे सगळं एकाच आठवड्यात.

शेंगावाली माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, "काय झालं ते सांग. पैशे गेलं असतील तर गेलं म्हन. पन मला फसवू नगं." मला उत्तर देता आलं नाही. खरं काय ते मलाच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "तू गप बसतीस तवा मला लय भ्या वाटतं. आधी वाटायचं, तुजा सोभाव हाय. आता वाटतं, तुलाबी ठावं हाय." आणि ती गेली. ती चिखलातून चालली होती, मी तिच्या पाठीकडे बघत होते. माझ्यावर कुणी संशय घेईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी अक्कांकडे जसं बघत होते, तसंच ती माझ्याकडे बघत होती.

मी ठरवलं, उर्शाला जायचं. घरी म्हटलं, कान्ह्याला आईकडं जाऊन येते. लोकलमध्ये कान्हे आलं तेव्हा पदर पुढे ओढून खाली मान घालून बसले, माहेरचं कुणी बघेल म्हणून. तळेगावला उतरले आणि सहा सीटवाल्या रिक्षानं उर्शाला. टोलनाक्याच्या अलीकडे उतरून विचारत विचारत गेले. एकटीनं परक्या पुरुषाच्या दारात जायचं आणि विचारायचं, आमचे पैसे कुठे आहेत, ही गोष्ट मी करते आहे यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

तो अंगणात गाडी धूत होता. ताप आलेल्या माणसासारखा अजिबात दिसत नव्हता. पांढरी सतरा सीटची गाडी, चकचकीत. तिलाही काही झालेलं दिसेना.

"कोन पायजे, मावशी?"

"सहलीचं विचारायला आले. मळवलीकडच्या बायका. जंगलाची सहल."

"ती व्हय? ती तर कवाच मोडली की." त्यानं पाईप बंद केला. "माझा एक दोस्त तिकडं गाडी चालवतो. त्यानं सांगितलं, पावसात गेट बंद असतं. मी लगीच तुमच्या अक्काला फोन केला. दुसऱ्या दिशी त्या आल्या, मी ॲडव्हान्स माघारी दिला. माज्याकडं तुमचा एक रुपाया न्हाई."

मी उभी राहिले. हा खरं बोलतो कशावरून? दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि एक माझ्या घरातलं होतं.

"लावू का फोन त्यास्नी? तुमच्या समोर इचारतो."

"नको," मी म्हटलं.

तो जरा चिडला. "तुमचा इस्वास न्हाई बसत. अवो, त्याच पैशातनं त्यांनी तळेगावात खुर्च्या घेतल्या. माज्याच गाडीत भरून लोनावळ्याला पोचवल्या मी. लाल खुर्च्या. भाडं बी उधार ठेवलंय."

लाल म्हटल्यावर माझा संशय संपला. पण हलकं वाटलं नाही. परतीच्या गाडीत मी बाहेरच बघत होते.

बंदी उठली. टपऱ्या पुन्हा लागल्या. आता अक्कांना विचारायचं होतं. पण आमच्यात एक रीत आहे. सकाळची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय धंद्यावरच्या माणसाकडे कुणी पैसे मागत नाही. मागितले तर दिवस रिकामा जातो. आणि दिवेलागणीनंतर घरातली लक्ष्मी बाहेर देत नाहीत. सकाळी गेले तर अक्का म्हणायच्या, "भवानी न्हाई झाली अजून, काय बोलायचं ते मागनं बोल." मागून गर्दी असे. संध्याकाळी म्हणायच्या, "दिवा लागला, आता पैशाचं काढू नको." दोन्हीच्या मधे त्या मला कधी सापडायच्याच नाहीत. मला वाटू लागलं, ही रीत त्यांच्यासाठीच कुणी करून ठेवली आहे.

शेंगावाली शेजारी बसत होती, पण छत्री आता वेगळी. कोळसा मागत नव्हती. गिऱ्हाईक आलं तर माझ्याकडे न बघता शेंगा मोजायची. दिवसभर तो धबधबा सोडून कुणी बोलत नसे.

एका मंगळवारी सकाळी रिमझिम होती, रस्ता रिकामा. मी शेगडी पेटवली नाही. चढ चढून अक्कांच्या टपरीवर गेले. त्या कोळशाला वारा घालत होत्या.

"अक्का, एक कणीस द्या."

"येड लागलंय का? तुज्याकडं पोतं भरून हायेत."

"विकत द्या. मीठ-लिंबू लावून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग थट्टा समजून हसत भाजून दिलं. मी चाळीस रुपये पुढे केले. त्यांनी घेतले, आणि जन्माची सवय, नोटा कपाळाला लावल्या, शेगडीवरून ओवाळल्या आणि डब्यात टाकल्या.

"झाली भवानी," मी म्हटलं. "आता सहलीचे पैसे द्या."

अक्कांचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "घरच्या मानसाची भवानी धरत न्हाईत."

"मी घरची कुठं? चूल वेगळी झाली तेव्हा तुम्हीच म्हणालात. पाव्हणे म्हणून या. आज पाव्हणी म्हणून आले."

माझ्या तोंडातून हे कसं निघालं ते मला अजून कळत नाही. अक्का टपरीत खाली बसल्या. त्यांच्याच लाल खुर्चीवर.

"उर्शाला गेलतीस?"

"गेलते."

"मला वाटलंच. त्याचा फोन आलता." त्यांनी पैशांचा डबा मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "खाल्ले न्हाईत मी. धंद्यात घातलं. चार रईवार नीट गेलं असतं तर डबल करून ठेवलं असतं. दिवाळीनंतर तुमाला जंगल दावलं असतं, कुनाला काय कळलं बी नसतं. साहेबानं बंदी घातली, त्याला मी काय करू?"

हे खरं की हेही तसंच, हे मी आजही सांगू शकत नाही. त्यांनी आवाज खाली केला. "असं कर, तुजे आन् तिचे आत्ता घे. बाकीच्यांना काय बोलू नको."

क्षणभर मला मोह झाला. शेंगावालीचे पैसे हातात घेऊन खाली जायचं, संपलं. पण गप्प राहून घेतलेले पैसे तिला दिले असते, तर तिला वाटलं होतं तेच खरं झालं असतं. मी म्हटलं, "सगळ्यांचे द्या. आणि बैठकीत तुम्ही सांगा. नाही तर मी रोज सकाळी येऊन कणीस घेईन."

"घे की. चाळीस रुपाये रोजचं मलाच मिळत्याल."

पण बैठकीत त्यांनी सांगितलं. हसत हसत नाही, खाली बघून. म्हातारी म्हणाली, "मंग माज्या पैशाच्या खुर्चीवर मी बसून घेते, उद्यापास्नं येते तुज्या टपरीवर." बाकीच्या ओरडल्या, एकीनं शिव्या दिल्या. गाडीवाल्याचं भाडं आधी द्यावं की नंतर यावर अर्धा तास गेला. शेवटी ठरलं, दर रविवारच्या कमाईतून एकेकीचे द्यायचे. मी सकाळचं कणीस घेणं सोडलं नाही. माझा त्यांच्यावर भरवसा राहिला नव्हता, आणि रोज सकाळी मला समोर बघितल्यावर त्यांना विसरता येत नव्हतं. रोज सकाळी कणीस मला जाईना. अर्धं मी शेंगावालीला द्यायचे. पहिल्या दिवशी तिनं घेतलं नाही. चौथ्या दिवशी घेतलं, पण माझ्याकडे न बघता खाल्लं.

अक्कांनी एकेकीचे देताना शेंगावालीला शेवटी ठेवलं. मुद्दाम, हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. माझे त्यांनी आधी देऊ केले, मी म्हटलं, तिच्यानंतर. मग अक्कांनी म्हातारीचे दिले, मग इतरांचे, मग शेंगावालीला हजार टेकवले आणि तिथं हात आखडला. भाद्रपद गेला. गिऱ्हाईक कमी झालं. मला वाटू लागलं, आमचे दोघींचे राहिलेले आता बुडालेच. रोज सकाळी चढ चढताना मी अक्कांच्या तोंडाकडे बघून अंदाज घ्यायचे, आज दिवस कसा आहे.

दसऱ्याच्या आधी अक्का स्वतः खाली आल्या. आधी माझे दीड हजार माझ्या मांडीवर टाकले. मी ते उचलले नाहीत. मग त्या शेंगावालीसमोर वाकल्या. हजार तिला आधीच पोचले होते. आता पाचशेची एक नोट राहिली होती. ती अक्कांनी तिच्या शेंगांच्या पाटीवर ठेवली आणि म्हणाल्या, "झाले पुरे. आता दिवाळीनंतर जंगल उघडतं, गाडी ठरवायची का?"

"ठरवा," शेंगावाली म्हणाली. "पैशे मी गाडीत बसल्यावर दीन. आन् मी पुढं बसनार."

अक्का चढ चढून गेल्या. शेंगावालीनं नोट उचलली, ओले हात पदराला पुसले, आकाशाकडे धरून उजेडात पाहिली, उलटी करून पाहिली, बोटानं चोळून पाहिली. खरी होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मिळाले गं सगळे," आणि नोट घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली.